आवारातले तीन दिवस: व्याख्यान, एकांकिका, मैफल. आराखडा तपासून द्याल का?

रानजाई

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या आवारात विभागातर्फे २७ फेब्रुवारी ते १ मार्च, शुक्र-शनि-रवि, असा कार्यक्रम करायचा आहे. कच्चा आराखडा देते.

शुक्रवार, मराठी भाषा गौरव दिन: सायंकाळी ६ ला व्याख्यान, सभागृहात. खुर्च्या ३५०.

शनिवार: सायंकाळी ६.३० पासून तीन एकांकिका, प्रत्येकी ४५ मिनिटं, खुल्या रंगमंचावर. मग पाऊण तास भारूड आणि लावणी.

रविवार: सायंकाळी ७ ला शास्त्रीय गायन, मग कथक. तेही खुल्या मंचावर.

तिन्ही दिवस ग्रंथालयाच्या व्हरांड्यात विद्यार्थ्यांच्या चित्रांचं प्रदर्शन.

रोज ४०० ते ५०० प्रेक्षक धरलेत. प्रवेश विनामूल्य, शहरातल्या लोकांनाही खुला. मंच कुंपणापासून साधारण ८० मीटर आत आहे, पलीकडे सोसायट्या. हाताशी दहा आठवडे आहेत. कलाकारांशी बोलणी पक्की नाहीत, त्यामुळे अजून बदल करता येतील. यात काय फसेल ते आधी सांगा, कौतुक नंतर चालेल.

साउंडचेक

ताई, शनिवार फसणार. उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद, हे धरून मागून पुढे मोजत या.

फेब्रुवारीअखेर पुण्यात सूर्य ६.४० च्या आसपास मावळतो. प्रकाशयोजना दिसण्याइतका अंधार व्हायला ७.०५ तरी वाजतात. म्हणजे ६.३० ला पडदा उघडलात तर पहिल्या संघाचे सगळे दिवे वाया. ७.१० ला सुरू करा. तीन एकांकिकांचे १३५ मिनिटं, दोन नेपथ्यबदलांचे प्रत्येकी २० धरून ४०. झाले १०.०५. भारूड आणि लावणी कुठे बसवणार? दोनच एकांकिका ठेवा: ७.१० ते ७.५५, मग ८.१५ ते ९.००, आणि ९.२० ते ९.५० लोककला. शेवटची दहा मिनिटं मोकळी राहू द्या, आभार त्यातच उरकतात. तिसरी एकांकिका करायचीच असेल तर शनिवारी दुपारी ४ ला सभागृहात करा.

आता आवाजाची पातळी. नियमाप्रमाणे जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते चालतं. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे तुमच्या कुंपणावर ६५. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मंचासमोर १० मीटरवर ८५ ठेवलात तर २० वर ७९, ४० वर ७३, ८० वर ६७. दोन जास्त. तेव्हा १० मीटरवर ८२ च्या वर जायचं नाही, हे मिक्सरवाल्याला लिहून द्या. तोंडी सांगितलेलं पहिल्या टाळीला विसरलं जातं. स्पीकरची तोंडं सोसायट्यांकडे न ठेवता आतल्या इमारतींकडे वळवा.

५०० माणसं खुर्च्यांवर बसवलीत की शेवटची रांग ३० मीटरच्या आसपास जाते. पुढचे स्पीकर ओरडवून मागे पोचवण्यापेक्षा मध्ये दोन छोटे डिले स्पीकर लावा. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणून २० मीटरवरच्या स्पीकरला ५८ मिलिसेकंद उशीर द्यायचा. तो न देता नुसतेच लावले तर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि तो म्हणतो, ‘साउंड खराब होता.’

वीज: २४ एलईडी पार (रंगीत दिवे) साधारण ३.६ किलोवॅट, हजारी म्हणजे हजार वॅटचे स्पॉट आठ घेतले तर ८, साउंड ५, इतर दिवे-पंखे १. बेरीज साधारण साडेसतरा. २५ केव्हीएचा जनरेटर २० किलोवॅट देतो, पण तो काठोकाठ होतो. ४० चा सायलेंट घ्या, मंचापासून ४०-५० मीटर लांब, धूर मंचाकडे येणार नाही अशा बाजूला. साउंड एका फेजवर, दिवे बाकीच्या दोन्हींवर. एकाच फेजवर आले की डिमर (दिवे मंद-प्रखर करणारं बटण) फिरवला की स्पीकरमधून घूंऽऽ सुरू होतं. आणि न्यूट्रलची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून डोळ्यांसमोर आवळून घ्या. न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत जातात आणि पहिला बळी मिक्सरचा असतो.

टिपणीबहाद्दर

वरचं सगळं मान्य. पण दहा आठवड्यांतले पहिले चार कागदांत जातात, म्हणून मी कागदांचंच सांगतो.

ध्वनिवर्धकाचा परवाना स्थानिक पोलीस ठाण्याचा. अर्जासोबत मंचाच्या जागेचा साधा नकाशा, वेळा आणि कुलसचिवांचं पत्र जोडा. रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेला ती लागू नाही. रात्री १२ पर्यंतची सूट वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांना मिळते आणि ते दिवस प्रशासन जाहीर करतं, तुमच्या अर्जावर मिळत नाही. त्या भरवशावर पत्रिका छापू नका. शैक्षणिक संस्थांभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसं जाहीर केलेलं असावं लागतं, तेव्हा तुमचं आवार त्यात आहे का हे ठाण्यात आधीच विचारा. असेल तर उघड्यावर ध्वनिवर्धकाला परवानगी मिळेल का, हेही तिथेच विचारा. शिवाय फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा. आवारात किंवा शेजारी परीक्षा केंद्र असेल तर चाचणीसुद्धा पेपर सुटल्यावरच करायची.

एकांकिकांसाठी दोन वेगळे कागद लागतात आणि लोक ते एकच समजतात. एक, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. संहिता स्पर्धेत आधी झालेली असेल तर संघाकडे ते असतं. त्याची प्रत मागवा आणि नाव, लेखक, पानं तीच आहेत ना हे जुळवून घ्या. नवी असेल तर आजच पाठवायला सांगा. दोन, लेखकाची लेखी परवानगी. प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि पालक असे असतील तर कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थेला सूट आहे. तुम्ही शहराला आमंत्रण देताय, म्हणजे त्या सुटीवर विसंबता येणार नाही. हौशी संघ आणि फुकट प्रेक्षक यांसाठी निराळी तरतूद आहे, तरी चार ओळींचं पत्र घेऊन ठेवलेलं बरं. हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, निधनाच्या पुढच्या वर्षापासून मोजून. लेखक १९६४ साली गेला असेल तर ३१ डिसेंबर २०२४ ला हक्क संपला. रूपांतर असेल तर मूळ लेखक आणि रूपांतरकार, दोघांचं बघायचं. पार्श्वसंगीतात सिनेमातली ध्वनिमुद्रणं वापरणार असाल तर तो हक्क आणखी वेगळा. संघाला सांगा, पेटी-ढोलकीवर स्वतःचं करा. ऐकायलाही तेच बरं वाटतं.

पैसे: टिपणी (खर्चाच्या मंजुरीचा प्रस्ताव) विभागाकडून विद्यार्थी विकास मंडळाकडे, तिथून वित्त व लेखा, मग कुलसचिव. मंडप, साउंड, प्रकाश यांची तीन-तीन दरपत्रकं. दरपत्रकात ‘साउंड सिस्टीम १ नग’ असं कधीही लिहू नका. किती मायक्रोफोन, किती मॉनिटर (कलाकाराकडे तोंड केलेले स्पीकर), ऑपरेटर कोण, चाचणीचा वेळ धरलाय का, हे सगळं लिहा. नाहीतर सर्वात स्वस्त देणारा लग्नाचा सेट घेऊन येतो आणि त्याला नाही म्हणायला तुमच्याकडे कागद नसतो. उचल घेतली असेल तर समायोजनाची, म्हणजे तिचा हिशेब देण्याची, मुदत टिपणीतच बघून ठेवा.

कलाकारांकडून पॅन, रद्द केलेला धनादेश आणि पत्ता आमंत्रणाच्या वेळीच मागा. वर्षात एकाला ५०,००० च्या वर मानधन गेलं की १० टक्के टीडीएस, पॅन नसेल तर २०. आमंत्रणपत्रात ‘टीडीएस वजा जाता’ हे शब्द असू द्या, नाहीतर मैफलीनंतर हिशेबाची मैफल होते. ५,००० वरच्या रोख पावतीला १ रुपयाचं महसुली तिकीट. पाकिटात दहा तिकिटं ठेवा, रविवारी कुठेही मिळत नाहीत.

कान तयार

रविवारच्या गायनाबद्दल. ७ ला सुरू आणि मागून कथक, म्हणजे गायकाला जेमतेम सव्वा तास मिळणार. ख्याल मांडायला बसलेल्या माणसाला आठव्या मिनिटाला घड्याळ दाखवायचं असेल तर बोलवूच नका. माझा सल्ला: गायन रविवारी सकाळी ७ ला करा. ध्वनिवर्धकाला ६ नंतर बंदी नाही, दिव्यांचा खर्च वाचतो, जनरेटर लहान चालतो, डास नाहीत, आणि भैरव, तोडी, देसकार हे एरवी सभागृहात अवेळी ऐकावे लागणारे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात. नऊला संपवून लोकांना पोहे-चहा द्या. कथकला मग अख्खी संध्याकाळ मोकळी.

सूर आधी विचारा. ‘काळी एक’ की ‘काळी चार’ (पेटीवरची कोणती काळी पट्टी षड्ज धरायची), हे तबलजीला आमंत्रणाच्या दिवशीच कळलं पाहिजे. काळी एकचा तबला ओढून काळी चारला नेता येत नाही, पुडी (वरचं कातडं) फाटेल. तानपुरे विभागातले वापरणार असाल तर तारा आठवडाभर आधी बदला. नव्या तारा दोन-तीन दिवस उतरतच राहतात.

आता उघड्यावरचं खरं दुखणं. पहाटेच्या गारव्यात तानपुऱ्याची पोलादी तार आखडते आणि सूर चढतो. तबल्याची पुडी दमट हवा शोषून सैल पडते आणि सूर उतरतो. दोघं एकमेकांपासून लांब जातात आणि पेटी मध्ये बसून दोघांची भांडणं बघते. म्हणून वाद्यं ग्रीनरूममध्ये लावून मंचावर आणू नयेत. ६.१५ ला उघडून मंचावरच ठेवायची, वीस मिनिटं हवा लागू द्यायची, मग लावायची. ऊन आलं की पुन्हा उलटं होतं, तेव्हा पहिल्या ख्यालानंतर हातोडी निघणार हे धरूनच चाला.

मंच बैठकीचा: १२ बाय ८ फूट, दीड फूट उंच, पूर्वेकडे पाठ करून, म्हणजे ऊन गायकाच्या डोळ्यांवर येणार नाही. पोकळ लाकडी चौथऱ्यावर डग्गा घुमतो आणि तो घुमारा सगळ्या माइकमधून येतो. खाली जाड सतरंजी, वर गादी, मग चादर. माइक सहा: गायक, तबला, डग्गा, पेटी, तानपुरे दोन. मॉनिटर तीन, त्यातला एक तबलजीचा. गायकाच्या मॉनिटरमध्ये तानपुरा आणि पेटी ठेवा, तबला नावापुरता. इको शून्य. ऑपरेटर हळूच थोडा घालतोच, त्याच्या शेजारी एक ऐकणारा विद्यार्थी बसवा.

साउंडचेक

दादा, सकाळची कल्पना छान, पण रविवारी सकाळी सातला आजूबाजूला सगळं चिडीचूप असतं. संध्याकाळी रहदारीत बुडणारा आवाज सकाळी कुंपणापलीकडे लख्ख ऐकू जातो आणि नियमातला ६५ तुम्हाला सोसायटीच्या रागातून सोडवत नाही. मोठे स्पीकर नकोत. मंचाच्या दोन्ही अंगांना एकेक लहान, समोर १० मीटरवर ७५ पुरे. आणि आदल्या आठवड्यात सोसायट्यांच्या फलकावर आमंत्रण लावा. ज्याला बोलावलंय तो तक्रार करत नाही, झोपमोड झाली तरी.

चाचणी शनिवारी रात्री १० नंतर करता येणार नाही, म्हणजे शनिवारी दुपारीच गायनाची माइकची मांडणी करून आकडे टिपून ठेवायचे. सामान रात्रभर उघड्यावर राहणार, ताडपत्री आणि दोन सुरक्षारक्षक टिपणीत धरा.

रानजाई

गायन सकाळी, हे पटलं. शनिवारची तिसरी एकांकिका दुपारी सभागृहात नेते. दोन गोष्टी अजून: एकांकिकांना कॉलर माइक घ्यायचे का? आणि व्याख्याते स्लाइड दाखवणार आहेत, त्यासाठी काही वेगळं लागेल का?

विंगेतून

कॉलर माइक नकोत. दहा नट, दहा वायरलेस, कपडेबदलात तीन सुटतात, घामाने दोन बंद पडतात. मंचाच्या पुढच्या कडेला तीन फूटमाइक आणि वरून लोंबते दोन. फूटमाइकच्या खाली हाताएवढा स्पंजचा तुकडा ठेवा, नाहीतर पावलांची धपधप आधी आणि संवाद मागून. नटांना आवाज टाकायला सांगा. खुल्या रंगमंचावर तोंड विंगेकडे करून बोललेलं वाक्य गेलंच समजा. दिग्दर्शकांना हे महिनाभर आधी कळवलं तर ते हालचाली बदलतात.

अंधार हा खुल्या मंचाचा मोठा प्रश्न आहे आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. आवारातले रस्त्यावरचे दिवे टायमरवर असतात. तुम्ही काळोख करता आणि डावीकडचा खांब मंचावर चांदणं पाडत बसतो. विद्युत विभागाला पत्र देऊन मंचाजवळचे कोणते खांब ७ ते १० बंद हवेत, त्यांचे क्रमांक लिहून द्या. त्याच वेळी येण्याजाण्याच्या वाटेवर जमिनीलगत छोटे दिवे लावा, काळोखात माणूस पायरीवरून पडायला नको.

दोन्ही संघांना एकच प्रकाशाची मांडणी द्यायची: समोरून ४५ अंशांतला उबदार आणि थंड वॉश (सगळ्या मंचावर पसरणारा प्रकाश), मागून तीन रंग, आणि प्रत्येक संघाला दोन खास स्पॉट. संघागणिक शिडी लावायची ठरवलीत तर वीस मिनिटांत नेपथ्यबदल होत नाही. नेपथ्याचं सामान लेव्हल (लाकडी चौथरे) आणि मोड्यांवर भागवा. बॅकड्रॉपला वारा लागतो, तळाशी पाइप घालून बांधा आणि कापडाला वाऱ्यासाठी हातभर फटी ठेवा. प्रत्येक संघाला दुपारी ४० मिनिटं तांत्रिक तालीम, नुसते क्यू (दिवे-आवाज बदलायचे इशारे). पूर्ण प्रयोग करू देऊ नका, दुसऱ्या संघाचा वेळ खातात.

लावणी आणि कथकसाठी जमीन बघा. खुले रंगमंच बहुतेक सिमेंटचे. त्यावर अर्धा तास पाय मारले की गुडघे आणि टाचा बोलू लागतात. लाकडी चौकटीवर १९ मिलिमीटरचा प्लाय, किमान २४ बाय २० फूट. जोड एका पातळीत, त्यावर टेप, आणि सगळ्या खिळ्यांवरून हात फिरवून बघायचा. चप्पल नव्हे, हात. गालिचा घालू नका: कथकची चक्करं अडखळतात आणि घुंगरांखालचा पायाचा आवाज मरतो. तत्कार (कथकमधलं पायांचं काम) ऐकू यायला पुढच्या कडेला जमिनीलगत एक सपाट माइक ठेवा. भारुडात संबळ आला तर त्याला माइक देऊच नका, तुणतुण्याला द्या.

मंचामागे कपडे बदलायची आडोशाची जागा, आरसा, पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह. खुल्या मंचाच्या आराखड्यात हे नेहमी राहून जातं आणि लावणीच्या कलावंतांना नऊवारी गाडीत नेसावी लागते. लाज आपल्याला वाटली पाहिजे.

दुसरी घंटा

व्याख्यानाचं मी सांगते. लोक व्याख्यानाला कंटाळत नाहीत, त्याच्या आधीच्या चाळीस मिनिटांना कंटाळतात. मंचावर तीनच खुर्च्या: वक्ता, अध्यक्ष, सूत्रसंचालक. स्वागत, दीपप्रज्वलन आणि परिचय मिळून १२ मिनिटं. परिचय तीन मिनिटांचा, वक्त्याने पाठवलेल्या पानभर माहितीतून चार ओळी. सत्कार एकाचाच, आणि तो शेवटी नाही, सुरुवातीला. मग ५५ मिनिटं व्याख्यान, २० मिनिटं प्रश्न. प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या. हातात माइक दिलात की प्रश्नाआधी प्रश्नकर्त्याचं भाषण होतं. विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या आधी वाचायच्या.

समईच्या वातीच्या टोकाला कापराचा बारीक चुरा दाबून ठेवा, काडी लावताच पेट घेते. वाती तासभर आधी तेलात भिजवलेल्या हव्यात. पंखा तेवढा वेळ बंद. एवढ्यावर चार मिनिटं वाचतात.

स्लाइड: मराठी मजकूर असेल तर वक्त्याच्या फाइलमधली जोडाक्षरं तुमच्या संगणकावर हमखास फुटतात. दोन दिवस आधी पीडीएफ मागवा, ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘ट्र’ असलेली पानं सभागृहाच्या संगणकावर उघडून बघा. नव्या लॅपटॉपला एचडीएमआयचं तोंड नसतं, टाइप-सी चा जोड आणून ठेवा. पडद्यावरचे दिवे बंद आणि वक्त्यावरचा चालू, अशी बटणं वेगवेगळी आहेत का ते आजच बघा. बऱ्याच सभागृहांत एकच बटण असतं आणि मग वक्ता काळोखात बोलतो. पोडियमवर गूजनेक (वाकवता येणाऱ्या दांड्याचा) माइक आणि शिवाय एक कॉलर. स्लाइड दाखवणारा माणूस पडद्याकडे वळतोच. कॉलरची बॅटरी कार्यक्रमाच्या दिवशी नवी.

मंचावर चढायला उतार हवा: प्रत्येक इंच उंचीला एक फूट लांबी. दीड फुटाच्या मंचाला १८ फूट. कमी लांबीत बसवलेला उतार चाकाच्या खुर्चीला चढ नसून घसरगुंडी असते.

प्रदर्शनावर थोडक्यात: चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर, सगळ्यांचा एकाच रेषेत. दोन खिळ्यांवर टांगा, एकावर टांगलेलं वाऱ्याने तिरकं होतं. व्हरांडा पश्चिमेकडे असेल तर जलरंग आतल्या भिंतीला, दुपारचं ऊन पडेल तिथे नको.

आणि पोस्टर. वार-तारीख कॅलेंडरशी जुळवा, वेळ ‘सायं.’ की ‘सकाळी’ स्पष्ट लिहा (आता रविवारी दोन्ही आहेत!), कोणत्या फाटकाने आत यायचं आणि गाडी कुठे लावायची ते लिहा. आवार मोठं असेल तर ‘खुला रंगमंच’ एवढ्याने बाहेरच्या माणसाला काही कळत नाही. फाटकापासून चालत किती मिनिटं, हे उपयोगी पडतं. वर्तमानपत्रांच्या ‘आजचे कार्यक्रम’ रकान्याला दोन दिवस आधी चार ओळी पाठवा, विशेषणं काढून.

रानजाई

सगळ्यांचे आभार. सुधारलेला आराखडा:

शुक्र. सायं. ६: व्याख्यान, ७.३० ला संपेल.
शनि. दुपारी ४: एकांकिका, सभागृह. सायं. ७.१० ते ९.५०: दोन एकांकिका, भारूड-लावणी, खुला मंच.
रवि. सकाळी ७ ते ९: गायन. सायं. ७ ते ८.३०: कथक.

डासांसाठी शनिवारी सायंकाळी ५ ला धूरफवारणी सांगितली आहे. चालेल ना?

कान तयार

शनिवारी ५ ला नको. तो धूर हवेत आणि सतरंज्यांत राहतो, नट खोकत संवाद म्हणतील. शुक्रवारी दुपारी करा. शनिवारी फक्त साचलेलं पाणी आणि कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या.

आणि शनिवारी रात्रीच्या खुर्च्या रविवारच्या बैठकीसाठी उचलायच्या आहेत, ते मजूर १० नंतर थांबणार का हे कंत्राटदाराला आजच विचारा. सतरंज्या मात्र रात्री अंथरू नका, पहाटेपर्यंत दवाने ओल्या होतात. सकाळी ६ ला अंथरायच्या, खाली प्लास्टिक. माणशी सहा चौरस फूट धरा, ३०० माणसांना १,८०० चौरस फूट. मागे दोन रांगा खुर्च्या ठेवा, गुडघे दुखणारे रसिक सकाळी जास्त येतात. चपलांची जागा मंचाच्या समोर नको, बाजूला. भैरवाच्या आलापात ३०० जोड चपला बघत बसायला गायकाला आवडत नाही.